बर्फाची ढेप आणि आप्पांचा मीटर

तुमच्या घरात काही बिघडलं की तुमची नजर आधी कुणाकडे वळते? बिघडलेल्या वस्तूकडे, की घरात राबणाऱ्या बाईकडे? खरं सांगा.

हा प्रश्न मला एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने दिला. शहाद्याला एस.टी. स्टँडामागे त्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कुणी तक्रार सांगू लागलं की आप्पा उजवा तळहात वर करायचे. “पहिले मोजूत, मंग बोलूत.” मग पिशवीतून मीटर निघायचा, तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावलेला.

मलाही त्यांनी असंच गप्प केलं होतं. आमच्या गल्लीत वीज कमी दाबाने येते, म्हणून पंखा रखडतो, असं माझं मत होतं. मी जळजळीत पत्रक लिहिलं, गठ्ठाभर प्रती काढल्या. वाटायला निघणार तोच आप्पा पंखा बघायला आले. त्यांनी मीटर लावला. दाब व्यवस्थित होता, पंख्याचाच एक सुटा भाग कामातून गेला होता. माझं पत्रक त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. “चांगलं लिखेल शे,” ते म्हणाले, “फक्त खरं नही.” मी दोन दिवस धुमसत होते. पण गठ्ठा माळ्यावर गेला.

माझ्या काकूचा फ्रिज आपोआप बर्फ पाडणारा. आत ट्रेमध्ये पाणी भरतं, गोठतं, आणि खडे खालच्या डब्यात पडतात. पाहुणे आले की काकू तो डबा मुद्दाम खडखडवायची. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात खडे पडायचे थांबले. डब्यात नुसती एक ढेप, वर पाणी.

काकूचा निकाल तयार होता. घरकाम करणारी गुलीबाई फ्रीजरचं दार उघडं टाकते, म्हणून बर्फ वितळतो. गुलीबाई धडगावकडच्या डोंगरातली. तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातो. मुलीची शाळा सुटू नये म्हणून ही शहाद्यात राहून धुणीभांडी करते. काकूकडचं काम गेलं की तिलाही मुलीला घेऊन त्याच्यामागे निघावं लागणार होतं. काकूने तिला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. तो शनिवार होता.

मी स्वयंपाकघरातच गुलीबाईच्या बाजूने भाषण सुरू केलं. काकूने भाजी चिरता चिरता विचारलं, “तुन्हा भाषनवरी बरफ जमस का?”

मी आप्पांना बोलावून आणलं.

ते आले, आणि आधी फ्रीजरमधली मटारची पिशवी काढली. “पहिले मटारले इचारूत.” पिशवी कानाशी हलवली. मटार सुटे, खडखडीत. दार रोज उघडं राहत असतं तर तेही वितळून, परत गोठून, त्यांचा गोळा झाला असता. मग त्यांनी कागद मागितला. माझ्या झोळीत ते जुनं पत्रक एक उरलं होतं. त्याची पट्टी फाडून त्यांनी ती दारात चार ठिकाणी अडकवली, दार लावून ओढून पाहिली. सगळीकडे घट्ट. दाराचं रबर शाबूत होतं.

“तुन्हं पत्रक आज कामले उनं,” ते मला म्हणाले. काकू हसली. गुलीबाई सिंकपाशी पाठमोरी भांडी घासत राहिली.

आप्पांनी फ्रिजचा प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवला, आणि बर्फाच्या ट्रेखालचा दोन वायरींचा, शेंगदाण्याएवढा सेन्सर सोडवला. पाणी गोठलं की नाही हे मशीनला तोच सांगतो. तो जितका गार, तितका मीटरवरचा आकडा मोठा. आप्पांनी गुलीबाईकडूनच ढेप बत्त्याने फोडून घेतली, पेल्यात बर्फ आणि थोडं पाणी घालून ढवळलं, सेन्सर मीटरला जोडून त्यात सोडला. पाच मिनिटं तो तसाच राहू दिला. मग आपली वही उघडून त्यांनी पाण्यातल्या बर्फाला किती आकडा यायला हवा ते दाखवलं आणि मीटर काकूच्या हातात दिला. “मन्हावर इस्वास नका ठेवा, वहिनी. तुमीच वाचा.”

काकूने वाचला. वहीतल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट.

“म्हंजे काय?”

“म्हंजे हाऊ सेन्सर शे त्यानापेक्षा जास्त थंड सांगस. मशीनले वाटस बरफ व्हई गया. पानी जमाना आधीच ते ट्रे उलटा करस.” ते पाणी खाली डब्यात सांडायचं आणि तिथे त्याची ढेप व्हायची. दाराचा संबंधच नव्हता.

काकूने विचारलं, नवा सेन्सर कधी येईल. आप्पा फडक्याने चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

“वहिनी,” ते हळू म्हणाले, “येक काम बाकी शे.”

काकू मीटरकडे बघत राहिली. आकडा तोच होता. मग ती सिंककडे वळली. “गुली, मन्हंच चुकनं.”

गुलीबाईने पदराला हात पुसले. घरी पावरी भाषा बोलणारी ही बाई आमच्याशी जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलते. तिने विचारलं, “सोमवारी किती वाजता येऊ?” तीन वर्षं ती आठला येत होती.

“रोजना येळले,” काकू म्हणाली.

तेव्हा कुठे आप्पांनी सांगितलं, सेन्सर चार दिवसांत येईल. आला तेव्हा बसवण्याआधी त्यांनी तोही पेल्यात बुडवला. नव्यावरही त्यांचा मोजल्याशिवाय भरवसा नव्हता. जुना त्यांनी काकूच्या ओट्यावर ठेवला आणि गेले.

मी अजून पत्रकं लिहिते. राग कमी झालेला नाही, व्हायचं कारणही नाही. पण छापायला देण्याआधी आप्पांचा तो तळहात समोर येतो, आणि मी उठून विचारायला, बघायला, मोजायला जाते. निम्म्या वेळा पत्रक बदलतं. उरलेल्या वेळा ते जास्त धारदार होतं.

गेल्या हिवाळ्यात आप्पा वारले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. काकूच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला तो जुना सेन्सर लटकतो. गुलीबाई कॅलेंडर पुसते, तेव्हा तोही पुसते.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. न मोजता तुम्ही घरातल्या बिघाडासाठी कुणाचं तरी नाव घेतलेलं असेल. ते माणूस आठवा. उद्या ते कामावर येईल, तेव्हा चहा टाकायच्या आधी, सगळ्यांच्या देखत त्याला सांगा, माझं चुकलं.