चिनूची सीट आणि सगळा मोहल्ला

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कारखान्यामागच्या भंगारासारखे ते आपोआप साचतात. त्यात बारावीचा निकाल लागला, की रायपुरजवळच्या आमच्या बीरगांवच्या मोहल्ल्यात तर विचारूच नका!

यंदा नंबर लागला शेजारच्या मेश्रामभाऊंच्या नातीचा, चिनूचा. नवा रायपुरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! पण पोट्टीचं काही ठरेना. इंजिनिअरिंग, की साधं बी.एस्सी.? शनिवारपर्यंत सीट घ्यायची, नाहीतर गेली! मग ठरवायला अख्खा मोहल्ला धावला. मीसुद्धा! मी सगळ्यांचा मामाजी. शिक्षण नववी, पुढं मास्तरांनीच हात जोडले.

*

मोहल्ल्यात इंजिनिअर एकच, विनोद. भर उन्हाळ्यात मेश्रामकाकूंचा कूलर बंद पडला. काकूंनी त्याला जेवणावरून उठवून आणलं.

"काकू, मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहो. मले कूलरचं काय समजते?"

"बरं, मंग टॉर्च तरी धर!"

तेव्हापासून कोणाकडं काही बिघडलं, की मेकॅनिकच्या आधी विनोदला बोलावतात. टॉर्च धरायला!

चिनू हळूच मला म्हणाली, "मामाजी, चार साल पढ़के यही करना है क्या?"

*

मग मी चहाच्या टपरीवर चारचौघांत विनोदलाच धरलं.

"काय रे, इंजिनिअरिंग करावं काय?"

"बिलकुल नाही मामाजी! माही जवानी गेली त्याच्यात."

"अन् तुह्या पोट्ट्याचं काय?"

"तो? तो इंजिनिअरच होणार!"

पोट्टा दुसरीत आहे.

*

मेश्रामभाऊ रेल्वेतून रिटायर. नातीच्या काळजीनं अर्धे झालेले. मी त्यांच्या कानात सोडून दिलं, "भाऊ, ॲडमिशनच्या वेळी पाण्याच्या टाकीवर चढायले लावते म्हणे. चक्कर आली का बाद!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्वतःच टाकीच्या शिडीवर! नातीला चढून दाखवत होते. वर गेले झकास, पण उतरता येईना! शेवटी चिनूच चढली आणि एकेक पाय धरून आजोबाला खाली आणलं.

खाली येताच भाऊंनी पायातली चप्पल काढली. "कुठं गेला तो मामाजी?"

*

राग शुक्रवारी उतरला. भाऊ म्हणाले, "एकच दिवस उरला. चाल, कॉलेजच पाहून येऊ."

निघालो तिघं. नवा रायपुरचे रस्ते एवढे रुंद, की पत्ता विचारायला माणूस सापडत नाही! कसेबसे पोहोचलो. बघतो तर वर्कशॉपसमोर चार पोरी स्वतः बनवलेली गाडी ढकलून राहिल्या. गाडी कसली, लोखंडी सांगाडा, चाकं आणि एक सीट!

एक पोरगी म्हणाली, "चाचा, बैठोगे? वजन चाहिए था."

मी बसलो ऐटीत, नवरदेवासारखा! पोरी ढकलायला लागल्या. चिनूनंही ओढणी कमरेला बांधली आणि लावला जोर! पुढं उतार आला. गाडी सुटली!

"मामाजी, ब्रेक मारो!" चिनू ओरडली.

"अवो, कुठं आहे ब्रेक?"

मागून ती पोरगी म्हणते, "चाचा, वो लगाना बाकी है!"

मी गाडीसकट मेहंदीच्या कुंपणात! पाय वर, चष्मा गायब, तोंडात पाला. भाऊ पोट धरधरून हसून राहिले. चिनू धापा टाकत धावत आली. ती मला उठवेल म्हणून मी हात पुढं केला.

ती हाताखालून वाकून सरळ गाडीच्या खाली शिरली. तिथूनच तिचा आवाज आला,

"दीदी, ब्रेक मैं लगाऊँ?"