मुडपलेलं बोट

लढाई चालू होती, रेशनच्या तांदळात खडे जास्त होते आणि जिकडेतिकडे 'अधिक धान्य पिकवा'चे फलक लागले होते. तेव्हा कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यामागची पडीक जागा रेल्वेनं आम्हा पाच बिऱ्हाडांना भाजीसाठी वापरू दिली. अर्ध्या जागेत आम्ही लाल भोपळे लावले. उरलेल्या अर्ध्यातले दगड उपसायचा उत्साह कोणातच उरला नाही, म्हणून तिथं रानवेल माजली. धक्क्यावरून बघणाऱ्याला सगळं सारखंच हिरवं.

बियाणं शेजारच्या काकूंनी कशेळ्याहून, माहेरातून आणलेलं. त्यामुळे कायदाही त्यांचाच.

"कवल्या फलाला बोट नको दाखवू रं मास्तर, कुजंल! दाखवायचंच तर बोट मुडपून दाखव."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. हसलो. पण बायकोच्या वेलाला एकच भोपळा धरलेला, आणि त्याच्या घारग्यांसाठी तिनं महिनाभर गूळ राखून ठेवलेला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की विज्ञान शाळेतच राहिलं.

भोपळा काढायला आठवडा राहिला असेल. रेल्वेचा एक साहेब धक्क्यावर उभा राहिला. म्हणाला, "रुळांखालचे लाकडी स्लीपर रचायला अर्धी जागा हवी. तुमची लागवड कुठली ते दाखवा, ती सोडतो."

मी खाली, त्याच्याकडे तोंड करून. मागे बायको आणि काकू. हात उचलला मात्र, काकू ओरडल्या, "बोट!"

मी घाईनं बोट मुडपलं आणि म्हणालो, "ही, उजवीकडची."

माझी उजवी ती साहेबाची डावी. त्यात मुडपलेल्या बोटाचं पेर भोपळ्यांकडे आणि नख रानवेलीकडे. साहेबानं आपली उजवी पाहिली, माझं नख पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "वा, जोमदार आहे!" मला वाटलं, भोपळ्यांनाच म्हणतोय. मी मान डोलावून शाळेत गेलो.

संध्याकाळी आलो तर भोपळ्यांवर स्लीपरची चळत. रानवेलीभोवती मात्र चुन्याची सुबक रेघ. मुकादम म्हणाला, "मास्तर, तुमची लागवड जपलीय हां. पानालासुद्धा धक्का नाही." त्याला समजावलं. तो म्हणाला, साहेबाला सांगा. साहेब कल्याणला गेलेला. तिथं गेलो तर म्हणे दौंडला. शेवटी गाठ पडली, तर मलाच विचारतो, "तुम्हीच दाखवलंत ना?"

काय सांगणार? नख दाखवलं नव्हतं, पेर दाखवलं होतं?

घरी बायकोनं राखलेला गूळ चहात घातला. माझ्या चहात नाही. काकू चळतीखाली वाकून बघून आल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "चेंगारला गं पोरी, पर कुजला नाय हां!"

हिवाळ्यात त्याच दोघींनी रानवेल उपटून, दगड काढून वाल पेरला. शेंगा धरल्यावर मला तिकडे फिरकायची बंदी होती. आणि जागा अर्धी कशी झाली असं कोणी विचारलं, की पाचही बिऱ्हाडं माझ्याकडे बोट दाखवायची. सरळ, लांब करून. ते मुडपायची आठवण काकूंनी कधी कोणाला केली नाही.