खांबावरचा हार

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसता डोंगर आहे. त्यावर घर नाही, झाड नाही. मधोमध जाळीचा उंच लोखंडी खांब, आणि त्याच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या. खाली गोणपाटावर फकीरप्पा बसला आहे. भाकरी हातात, मान वर.

गदगच्या नाटक कंपनीत मी एकवीस वर्षं राण्या केल्या आणि फकीरप्पानं तितकीच वर्षं माझ्यासमोरचा पडदा ओढला. कंपनी बुडाली तेव्हा आम्ही दोघं मुंडरगीच्या वाटेवरच्या आमच्या गावी परतलो. त्याच सुमारास वारा मोजणारी माणसं आली. आमच्या भागात तोवर पवनचक्की कोणी पाहिली नव्हती. या वाट्यांनी बारा महिने वारा मोजायचा आणि मग चक्क्या उभारायच्या की नाही ते ठरवायचं, असं ते म्हणाले. खांबाची राखण फकीरप्पाकडे आली. महिनाअखेर पेटीतली नोंदीची चिप काढून बंगळूरला पोस्टानं धाडायची, हेही त्याचंच काम.

त्याचा जीव मात्र म्हापशाला होता. मुलगा निंगराज तिथं सिमेंट वाहत होता. चक्क्या उभ्या राहिल्या की राखणदार लागतील, पहिली नोकरी तुझ्या मुलाला, असं इंजिनियर श्रीनिधींनी कबूल केलं होतं.

"वारा मोजून पोट भरतं का रे?" टपरीवर लोक चिडवत.

"तुमच्या तोंडचा मोजला असता तर एव्हाना चार चक्क्या फिरल्या असत्या," तो म्हणे.

कंपनीत दर खंडेनवमीला पडद्याच्या कप्पीला हार घालायचा मान त्याचा असे. त्या वर्षी आदल्या दिवशी तो माझ्या दारात आला.

"अक्का, झेंडूचा हार ओवून दे. लहानसा. वाट्यांना घालायचाय."

"तेवढं वर चढणार? वय किती तुझं?"

"तू तुझं खरं सांग, मग मी माझं सांगतो."

वर वारा फार, हार तुटायला नको म्हणून मी नायलॉनचा दोरा घेतला.

खंडेनवमीला त्यानं वर चढून हार घातला आणि दसऱ्याला उतरवला. दोऱ्याचा एक तुकडा वाट्यांखाली दांड्याला गुंडाळून राहिला, तो त्याला दिसला नाही. वाट्या थांबल्या. पण दसऱ्यानंतर आमच्याकडे वारा तसाही पडतो. "झोपलाय. उठेल," तो म्हणायचा. मार्गशीर्षात रस्त्यावर धूळ उडू लागली आणि वाट्या तशाच, तेव्हा त्याला शंका आली. तो वर चढला आणि दोरा मुठीत घेऊन उतरला. बंगळूरला पत्र त्यानं स्वतःच टाकलं. तिथं चिपा कोणी वेळेवर उघडून पाहिल्याच नव्हत्या.

संक्रांतीला श्रीनिधी आले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"अडीच महिने शून्य, फकीरप्पा. सलग वर्षाची नोंद नसेल तर बँक दारात उभं करत नाही. पलीकडच्या डोंगरावरही आमचा खांब आहे, तिथली नोंद पूर्ण आहे. चक्क्या तिकडं जाणार." मग म्हणाले, "इतका पक्का दोरा कुणी बांधला?"

मी तिथंच उभी होते. हजार माणसांसमोर कधी न अडलेला माझा आवाज त्या दिवशी फुटला नाही.

"दोरा माझा, साहेब," फकीरप्पा म्हणाला.

पलीकडच्या डोंगरावर चक्क्या उभ्या राहिल्या. राखणदार तिकडच्याच गावचे. निंगराज एका नागपंचमीला आला, पुढच्या पंचमीला आला नाही. त्यानं म्हापशालाच लग्न केलं, खोली घेतली. फकीरप्पानं मला दोऱ्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, नऊ वर्षं.

शेवटच्या आषाढात त्याची बाज अंगणात घातली होती. लांबवर चक्क्या फिरत होत्या. निंगराजला निरोप गेला होता, पण त्याची गाडी अजून वाटेतच होती. मी उशाशी बसले आणि म्हणाले, "फकीरप्पा, नायलॉनचं रीळ मी आणलं होतं. साधा दोरा असता तर पहिल्याच झुळकीत तुटला असता. तुझा मुलगा आज इथं असता."

त्यानं पाणी मागितलं. दोन घोट प्याला.

"तू फुलं ओवलीस, अक्का. दोरा माझा."