केसभर मोठी पुली

ज्यांनी मला पुणतांब्यात ठेवून घेतलं, मोटारीचे वेढे मोजायला शिकवलं आणि तिशी उलटल्यावर नवे कान दिले, ते आमचे वायंडर मामा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही मला कृतघ्न म्हणाल. मामांइतक्या तुच्छतेनं जगाकडे बघणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. सकाळी दुकान उघडताना ते शटरचासुद्धा अपमान करतात. "कोनी बनिवलं रं तुला?" असं त्याला विचारतात, लाथ घालतात आणि मगच ते वर जातं. चहावाल्याला रोज सांगतात की तुझ्या चहापेक्षा बोअरमधल्या मोटारीतून निघालेलं पानी ग्वाड, आणि रोज दुसरा कप मागवतात. नवी वस्तू विकत आणणारा माणूस त्यांच्या मते हाताला लकवा झालेला. त्यांच्या चष्म्याची काडी, छत्री, चपलेचा अंगठा, फाटकाची कडी आणि मामींच्या कुकरची मूठ, सगळं तांब्याच्या तारेनं बांधलेलं आहे. मामी म्हणतात, "मला बी बांदलं असतं, पर मी काय आजून तुटले न्हाई."

मामा माझे कोणी लागत नाहीत. मी गोंदियाकडचा. शाळा सातवीत सुटली, मग शिवणकाम शिकायला घातलं तेही सुटलं, मग ठेकेदाराबरोबर सुप्याच्या एका कंपनीत आलो. ठेका संपला तशी खोलीही संपली. एका टेम्पोवाल्याला जळालेली मोटार उतरवायला हात हवा होता म्हणून मी त्याच्याबरोबर पुणतांब्याला आलो, मोटार मामांच्या दुकानात उतरवली आणि तिथल्याच स्टुलावर बसून राहिलो, कारण परत जायला जागा नव्हती. मामांनी मोटार बघितली, मग माझ्याकडे बोट करून टेम्पोवाल्याला विचारलं, "मोटार ठिवून घेतो. पर हे काय हाय?"

"कामाला माणूस पाहिजे का म्हणून आलो जी," मी म्हणालो.

"जी? मी काय कलेक्टर हाय? कुठला?"

"गोंदियाचा जी."

"म्हंजी नागपूर." मामांच्या भूगोलात जालन्याच्या पलीकडे सगळं नागपूर आहे. त्या दिवसापासून माझं नाव नागपूर. "म्हैनाभर बगतो. वेढा मोजाया जमलं तर ऱ्हा, न्हाई जमलं तर यष्टीत बशीवतो."

मला काळजी करायची सवय आहे. कुलूप लावल्यावर मी तीनदा ओढून बघतो. त्या महिन्यात मी झोपेतसुद्धा मोजत होतो. गावी आईला फोनवर सांगितलं होतं की काम पक्कं झालं. आता पुन्हा बॅग घेऊन दारात उभं राहायचं, म्हणजे हा पोरगा काहीच पुरं करत नाही हे सगळ्यांचं म्हणणं पुरं करायचं.

वायंडिंग म्हणजे काय, तर मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरायची. त्यासाठी तारेच्या कॉइल गुंडाळायच्या, आणि प्रत्येक कॉइलमध्ये ठरलेले वेढे. चार कमी पडले तर मोटार तापते आणि शेतकरी तुमच्यावर तापतो. गुंडाळायचं मशीन हातानं फिरवायचं असतं, त्याला मोजायचा काटा असतो. मामांनी तो काटा काढून फेकला होता. "येंत्राच्या भरवशावर मोजनारा मानूस म्हंजी गळ्यात घंटा बांदलेली म्हैस," हे त्यांचं मत. मामा मोजत गिटारवर.

हे नीट सांगायला हवं. मामा चर्चला जाणारे. त्यांचा नमस्कार "सलाम", माझा "जय भीम", आणि दोन्हीची उत्तरं एकमेकांना व्यवस्थित पोचतात. फार वर्षांपूर्वी मिशनच्या बंगल्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या परदेशी मॅडमचे पंखे मामा दुरुस्त करत. त्या मायदेशी कायमच्या निघाल्या तेव्हा रेकॉर्डची एक पेटी आणि ती वाजवायचं जुनं यंत्र मामांना देऊन गेल्या. पेटीत सगळा जाझ, तोही अगदी सुरुवातीचा, जाड जड तबकड्यांवरचा. दुसरा कोणी असता तर त्यानं पेटीत गहू भरले असते. मामांनी त्या तबकड्या इतक्या वेळा ऐकल्या की पितळी बाजांच्या गोंगाटाखाली एक माणूस गिटारवर शांतपणे ठोके देत बसलाय, हे त्यांना कळलं. एका मात्रेला एक ठोका, न चुकता, न थांबता. मामांनी त्या ठोक्याला एक वेढा लावला. तेव्हापासून राहाता तालुक्यातल्या निम्म्या उसाला परदेशी गिटारच्या तालावर गुंडाळलेल्या मोटारी पाणी पाजतात.

पण मला तो माणूस ऐकूच येत नव्हता. मामा तबकडी लावायचे, माझ्या हातात मशीनचा दांडा द्यायचे आणि विचारायचे, "आलं का गिटार ऐकू?"

"आलं जी."

"कुठं हाय?"

"आत आहे जी."

"आत काय, पोटात? बाजाच्या म्होरं हाय का माघं?"

"माघं जी."

"खाली हाय रं, खाली! सगळे त्याच्या डोक्यावर नाचत्यात आनि त्यो काय बोलत न्हाई. मामीगत." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. माझ्या पहिल्या तीन कॉइल मामांनी उसवल्या, वेढे मोजले आणि तार माझ्या गळ्यात हारासारखी घातली. "घाल, सत्कार हाय तुझा."

माझ्या मोबाईलमध्ये तेव्हा डीजेवर वाजवलेली गाणी आणि झाडीपट्टीच्या नाटकांतली काही पदं होती. मामांनी एकदाच ऐकली. "मोबाईलात मळनी येंत्र ठिवलंय का?" एवढंच विचारलं. मी मनातून फार चिडलो. चर्चमधल्या कीबोर्डवाल्याबद्दल तर ते याहून वाईट बोलतात. रविवारी ते मुद्दाम शेवटच्या बाकावर बसतात आणि चुकीचा सूर लागला की मान वळवून दाराकडे बघतात, जणू सूर बाहेर पळून गेलाय आणि आता परत येईल. "देवाला बी कान हायेत," असं बाहेर पडताना पाळकांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात.

महिना संपायला आठ-नऊ दिवस उरले तेव्हा मामांनी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, उचलला. मोटारीचं बेअरिंग खराब झालंय का हे बघताना पेचकसाचं टोक मोटारीवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आतली घरघर नेमकी कानात येते. मामांनी टोक यंत्राच्या लाकडी पेटीवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानात खुपसली. "बेअरिंग ऐक गान्याचं."

आणि मला ते ऐकू आलं. छक, छक, छक, छक. बाजे कुठेतरी लांब गेले आणि कोणीतरी अगदी जवळ, माझ्या कानाशी, बिनघाईनं चाललंय असं वाटलं. मी पेचकस काढला तरी ते चालूच होतं. इतके दिवस ते तिथंच होतं. मी दांडा धरला आणि फिरवू लागलो. कॉइल झाल्यावर मामांनी उसवून मोजली. एकही वेढा कमी नाही, जास्त नाही. "बरं," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तेवढ्यात त्यांनाही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच माझ्या शर्टाच्या रंगाला नावं ठेवली.

महिना संपला, यष्टीचं नाव कोणी काढलं नाही, आणि मला चटकच लागली. तबकड्यांवर बाजावाल्याचं नाव मोठं छापलेलं आणि गिटारवाल्याचं बहुतेक कुठेच नाही, म्हणून मी त्यांना माझी नावं दिली. ठोके देणारा तो मुकादम. एकाच तारेवर बारीक काम करणारा विणकर. दोघं मिळून एकमेकांची वाक्यं पुरी करणारे, त्या जावा-जावा. आणि पेटीतल्या शेवटच्या तबकडीवर एक होता ज्याची गिटार बाजांच्या बरोबरीनं मोठ्यानं बोलायची. त्याची गिटार विजेवर चालते हे मी मोबाईलवर शोधून काढलं आणि मामांना वाचून दाखवलं, की तिच्यात लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मामांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "म्हंजी गुंडाळनारा वायंडरच की!" त्या दिवशी त्यांनी चार गिऱ्हाइकांना सांगितलं की आपल्या धंद्यातल्या मानसानं गिटारला आवाज दिला. गिऱ्हाइकांनी मोटार कधी मिळणार ते विचारलं.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ माझ्या हौसेनं केला. एकदा मी मुकादमाच्या तबकडीवरच्या नावाचा फोटो काढून तेच गाणं मोबाईलवर शोधलं. ते सापडलं, पण ते आमच्या गाण्यापेक्षा हळू होतं आणि सूरही खालचा होता. मामांनी अर्धं मिनिट ऐकलं. "ढिलं झालंय. मोबाईलवाल्यांचा पट्टा घसरतोय." मी हो म्हणालो. पण मामांनीच मला मोजायची सवय लावली होती. मामा जेवायला गेल्यावर मी फिरत्या चकतीच्या कडेला खडूची खूण केली आणि मोबाईलवर घड्याळ लावून फेरे मोजले. तबकडीवर छापलं होतं मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. भरले चौऱ्याऐंशी.

कारण शोधायला वेळ लागला नाही. यंत्राच्या मोटारीवरची, चकती फिरवणारी मूळ पुली कधीच झिजून गेली होती. मामांनी स्वतः माप देऊन कोपरगावच्या लेथवर पितळेची नवी करून घेतली होती, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. ती केसभर मोठी होती, आणि पुली मोठी तशी चकती जोरात फिरते. म्हणजे वीस वर्षं मामा सगळ्या पंचक्रोशीला बेताल म्हणत होते, आणि घरातलं त्यांचं स्वतःचं गाणं पळत होतं.

मी दोन दिवस गप्प राहिलो. सांगावं तर यष्टी, न सांगावं तर रोज ते पळणारं गाणं ऐकायचं. शेवटी मामींना विचारलं. मामी भाकरी थापत म्हणाल्या, "सांग. पर जेवान झाल्यावर सांग. न्हाईतर ताट तसंच ऱ्हाईल."

मी जेवणानंतर सांगितलं. मामांनी माझ्याकडे, मग यंत्राकडे बघितलं. "तुझं घड्याळ नागपूरचं हाय," म्हणाले आणि कामाला लागले.

त्यानंतर जे झालं त्याला मी तयार नव्हतो. मामा माझ्याशी आदरानं बोलू लागले. "जरा पक्कड देता का?" "तुमी च्या घेनार का?" चहावाल्याला त्यांनी चहा चांगला आहे असं सांगितलं, तो बिचारा घाबरून दूध बदलून आला. शटर लाथेशिवाय वर गेलं. यंत्र बंद होतं आणि मामा वेढे मनात मोजत होते, दोनदा चुकले. तिसऱ्या दिवशी मी बॅग भरली. आईला काय सांगायचं ते वाक्यही जुळवून ठेवलं. मामांचा निरोप घ्यायला दुकानात गेलो.

मामा टेबलाशी बसले होते. यंत्र उघडलेलं, पुली त्यांच्या चिमटीत आणि दुसऱ्या हातात बारीक पॉलिश पेपर. तारेची जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये पुली घालून बघत होते, पुन्हा घासत होते. माझ्या हातातल्या बॅगेकडे त्यांनी बघितलं नाही. पुली बसवली, चकती सुरू केली. "मोज."

मी बॅग खाली ठेवली. "एक्याऐंशी जी."

त्यांनी पुन्हा काढली, घासली. "मोज."

"एकोणऐंशी."

चौथ्यांदा अठ्ठ्याहत्तर भरले. मामांनी मुकादमाची तबकडी लावली. बाजे शांतपणे आत आले, आणि त्यांच्या खालून मुकादम चालत आला. पूर्वी तो धावायचा हे मला तेव्हा कळलं. आता तो घरी जाणाऱ्या माणसासारखा चालत होता. मामांनी पेचकस घेतला, पेटीला टेकवला, कानाला लावला आणि पूर्ण गाणं तसेच बसून राहिले.

"लई वर्सं," ते म्हणाले, "ह्या मान्साला मी उगंच पळवत हुतो रं."

मी म्हणालो, "लेथवाल्याची चूक असन जी."

"त्यो गेला मरून. आता कुनाला बोलू?" मग त्यांचं लक्ष बॅगेकडे गेलं. "आनि ह्या पिशवीत काय घिऊन चाललास? माझी तार चोरलीस का? ठिव तिकडं, नागपूर. मशीन वढ." शटरला, चहाला आणि मला पुन्हा शिव्या सुरू झाल्या. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की पहिली कॉइल पुन्हा चुकली.

आता आमच्याकडे मोटारीला थोडा जास्त वेळ लागतो. कोणी घाई केली की मामा म्हणतात, "घाई असंल तर मोटार जाळायची न्हाई." परवा दुपारी तबकडी बदलता बदलता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्याकडं काय वाजवत्यात?" मी सांगितलं, आमच्याकडे खडीगंमत असते. लोकनाट्याचाच खेळ, उभ्यानं गातात, पुढे ढोलकी आणि नाचे. माझे वडील त्यात मागे उभे राहून तुणतुणं वाजवतात. एक तार, एकच सूर, खेळ संपेपर्यंत. लहानपणी पोरं विचारायची, तुझा बाप काय करतो, तर मी म्हणायचो, काही नाही, मागे उभा राहतो. खरं सांगायचं तर ते तुणतुणं मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

मामा बराच वेळ तबकडी पुसत राहिले. "आसंल कायतरी," म्हणाले. मामांच्या भाषेत ही जवळजवळ स्तुती आहे.

मामांचे उपकार कसे फेडायचे हे मला त्या क्षणी कळलं. एक दिवस मी त्यांना आमच्या गावी नेणार आहे. एवढा मोठा प्रवास, ते गाडीला, डब्याला, चहाला आणि माझ्या जिल्ह्याला नावं ठेवत येतील. खडीगंमत सुरू झाली की ढोलकीवाल्याचा, गाणाऱ्याचा, नाच्याचा मनसोक्त अपमान करतील; मी कोणाला मध्ये पडू देणार नाही. मग ते गप्प होतील, मान जराशी खाली करतील आणि मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याकडे बघतील. पेचकस मी बरोबर घेणार आहे, पण मला वाटतं, मामांना तो लागणार नाही.