पावणाई चाळीचा फळा

रम्या गेला आणि चाळीला पत्ताच नाही.

आज तेरावा. हे वाचून ज्यांना आत्ता धक्का बसला असेल त्यांनी माझ्यावर चिडू नका. पुढे वाचा, चिडायला भरपूर जागा आहे.

रमाकांत. करी रोडच्या पावणाई चाळीत माझ्या शेजारच्या खोलीतला. मी सुमन, पण तो मला शेवटपर्यंत ‘सुमे’च म्हणायचा.

चाळीच्या जिन्याखाली एक फळा होता. कुणी गेलं की रम्या त्यावर खडूने लिहायचा. नाव, खोली, अंत्ययात्रा कधी निघणार.

गिरणीतली पाळी संपवून आलेला माणूस फळा वाचायचा, डबा घरी टेकवायचा आणि तसाच खाली यायचा. बोलावणं लागत नसे.

मग चाळ पाडली. रिडेव्हलपमेंट.
कुणी घोडपदेवला भाड्याने, कुणी विरार, कुणी पार बदलापूर.

रम्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याने चाळीच्या नावाने वेबसाइट काढली. काळ्यावर पांढरी अक्षरं, अगदी फळाच.
कोण गेलं, कुणाकडे बारसं, बिल्डरने आज काय नवीन थाप मारली. सगळं.

व्हॉट्सॲप ग्रुप होता की, असं म्हणाल. होता. बिल्डरला संमती द्यायची की नाही यावरून फुटला. एकाचे चार झाले आणि चारही गुड मॉर्निंगला लागले.
फळा मात्र सगळे उघडायचे. भांडलेले आधी उघडायचे.

तेवढ्यात बिल्डरने टॉवरला नाव दिलं, ‘पावणाई हाइट्स’. त्याचा ट्रेडमार्क घेतला.
पावणाई आमच्या गावाकडची देवी. चाळीला तिचं नाव आमच्या आज्या-पणज्यांनी दिलेलं. बिल्डरने तक्रार केली की वेबसाइटचं हे नाव आमचं आहे, या लोकांनी बळकावलंय.

इंटरनेटवरच्या नावांची भांडणं सोडवायची ठरलेली पद्धत आहे. नियम परदेशातली एक मोठी संस्था करते. मेलवर इंग्रजी नोटीस येते. उत्तराला तीनेक आठवडे. नाही दिलं, तर एकाच बाजूचं म्हणणं वाचून निकाल.

नोटीस आली तेव्हा रम्या देवगडकडे गावी होता. त्यांच्या घरी एकवीस दिवसांचा गणपती.
रेंजसाठी सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर चढून त्याने मेल वाचला आणि मला फोन केला.

“उत्तर देऊन टाक रे,” मी म्हटलं.

“गणपतीत कोण कोर्टकचेरी करतं गो? विसर्जन करून येतो, मग बघतो एकेकाला.”

मलाही ते पटलं. आमच्याकडे गणपतीत वैरीसुद्धा आरतीला येतो, प्रसाद घेतो, भांडण नंतर.

तो परतला तोवर मुदत उलटली होती, आणि मागोमाग निकाल आला. समोरच्याने उत्तर दिलं नाही, सबब नाव तक्रारदाराला द्यावं.

अख्खी चाळ गावी आरत्या म्हणत होती आणि इथे तिचं नाव गेलं.

रम्याने दुसरं नाव घेतलं. पण म्हाताऱ्यांच्या फोनवर नातवंडांनी जुन्या नावाचं बटण करून दिलेलं. ते दाबलं की आता हाइट्सचा स्विमिंग पूल दिसायचा. नव्या नावाकडे कुणी फिरकलंच नाही.

मग त्याने त्या संस्थेच्या ऑनलाइन मीटिंगा धरल्या. नियम बदलायचे असले की ते लोकांची मतं मागवतात. घोडपदेवच्या त्याच्या भाड्याच्या खोलीत नेट धड नाही म्हणून माझ्याकडे यायचा. इस्त्रीचा शर्ट घालून.

बोलायला दोन मिनिटं. त्याचं म्हणणं एवढंच, की नाव काढून घेण्याआधी त्या नावाखाली कोण राहतं ते बघा. नोटीस माणसाला कळेल अशा भाषेत द्या. आणि माणूस गप्प आहे म्हणजे त्याला काही म्हणायचंच नाही, असं धरू नका.

“थँक यू फॉर युअर पर्स्पेक्टिव्ह,” समोरून यायचं. नेक्स्ट.

एकदा चहा देताना मी विचारलं, “अरे, त्यांच्या नियमात मानवी हक्क वगैरे आहेत की नाही?”

“आहेत तर! आदर करू, असं लिहिलंय.”

“मग?”

“आदर करतात ना. आमच्या घरात कुळाचाराच्या देवाचा करतात तसा. वर्षातून एकदा पुसून परत ठेवतात.”

हसलो आम्ही. पण प्रत्येक मीटिंगनंतर तो थोडा कमी बोलायचा. शेवटी शेवटी शर्टाला इस्त्री नसायची.

काही बदललं नाही. बदलेल असं मलाही वाटत नाही, उगाच खोटं कशाला लिहू?

रम्या गेला अचानक, सकाळी, हार्ट अटॅकने. लग्न केलं नव्हतं. बहीण गावाहून पोचेपर्यंत दुपार झाली.
मी फोन करत सुटले. अर्धे नंबर बदललेले, उरलेले उचलेनात.

चाळीतल्या प्रत्येकाच्या मरणाला ज्याने माणसं गोळा केली, त्याला खांदा द्यायला माझा नवरा, रम्याचा मेहुणा आणि आमच्या बिल्डिंगचे दोन वॉचमन.
बिचाऱ्या वॉचमनना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

काल बदलापूरहून गावडे काकींचा फोन आला.

“गो सुमा, रमू बरो आसा मां? मी रोज फळो उघडतंय, तर तो पोवचो तलाव दिसता. रमूक सांग, माका काय वाचूक गावणा नाय.”

रोज उघडतात त्या. डोळ्यांना धड दिसत नाही तरी उघडतात.

फळा नाही, म्हणून इथे लिहिते आहे. माझं अक्षर तुझ्यासारखं नाही रे रम्या, सांभाळून घे.

पावणाई चाळ, दुसरा माळा.
आपला रमाकांत गेला.
अंत्ययात्रा निघून गेली.