ताणावर ठेवलेला सुलतान

विजयाच्या तोंडाला भीत नाही असा माणूस पांढुर्ण्याच्या बाजारओळीत शोधूनही सापडला नसता. सौसरच्या एका मास्तरांची ही मुलगी लग्न होऊन इथं आली ती जिभेला धार लावूनच, असं तिची सासू म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे. दूधवाला, कासार, देवळातला पुजारी, विजयानं कुणालाच सोडलं नाही. पण तिच्या बोलण्याचा मोठा वाटा नवऱ्याच्या, मोरेश्वराच्या, पदरी पडायचा. खरं सांगायचं तर त्यानं तो कमावलेलाच होता.

मोरेश्वर संत्र्याचा व्यापारी. गावात दुकान, तिगावच्या वाटेवर स्वतःचा बगीचा. खायला-प्यायला ददात नव्हती, म्हणून डोक्याला उद्योग नव्हता. दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास. गावात टीव्ही दिसायला लागायच्या आधीच त्यानं गच्चीवर अँटेना चढवला होता. त्यावर कावळे बसायचे. "कावळ्यायची तं सोय केली तुम्ही," विजया म्हणायची.

त्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका बदलीवाल्या साहेबाकडून त्यानं अल्सेशियन कुत्रा आणला. ताठ कान, बोटभर दाट केस, रुंद छाती. नाव ठेवलं सुलतान. थंडीभर सुलतान ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकायचा आणि मोरेश्वर मिशीला पीळ देत खुर्चीत बसायचा. विजयाला कुत्र्याची आवड मुळीच नव्हती. वरणात केस सापडला की ती कुत्र्याला, नवऱ्याला आणि त्या बदलीवाल्या साहेबाला एका दमात उद्धरायची.

होळी सरली, ऊन तापलं आणि सुलतानाचं राज्य गेलं. आल्यागेल्यावर भुंकणं बंद. तो मोरीशेजारी रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडायचा आणि जीभ काढून धापा टाकायचा. विजया त्याला हाकलायला म्हणून गेली आणि तशीच उभी राहिली. अख्ख्या घरातली सगळ्यात गार जागा त्यानं बरोबर शोधली होती. त्या दिवसापासून ती रोज सकाळी तिथं भिजवलेलं गोणपाट टाकायला लागली. शिव्या देतच टाकायची, पण टाकायची.

मोरेश्वराला मात्र मान खाली घालायची पाळी आली. लोक सुलतान पाहायला यायचे आणि मोरीत पडलेलं कुत्रं पाहून हसायचे. मग त्याचे उपाय सुरू झाले. आधी न्हाव्याला बोलावून कुत्र्याचे केस पार कातडीपर्यंत उतरवले. दोनच दिवसांत पाठ उन्हानं लालबुंद झाली आणि सुलतान उंबऱ्याबाहेर पाय टाकीना. मग उन्ह लागू नये म्हणून त्याच्या गळ्यात कांदा बांधला.

"भाकर बी बांधा संग," विजया म्हणाली. "म्हंजे जेवणाची सोय झाली पाहा त्याची."

एवढ्यावर थांबता तर बरं होतं. पण मोरेश्वराचा मित्र प्रभाकर हा शाळामास्तर. त्याचं ज्ञान सुट्टीतही सुट्टीवर जात नसे. मंडीच्या ओट्यावर बसल्या बसल्या दोघांनी एक शोध लावला. संत्र्याच्या झाडाला ताण देतात, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, पानं कोमेजू द्यायची. मग मृगाचं पाणी पडलं की तहानलेलं झाड फुलांनी लदबदून जातं. प्रभाकरनं हा नियम उचलून कुत्र्याला लावला. घरात रांजणाजवळ लोळून जनावर सुस्तावलं आहे, त्याला ताण द्या, पाणी तोडा, मग पाहा कसं भुंकतं. ओट्यावरच्या सगळ्या बागाइतदारांनी माना डोलावल्या. झाड आणि कुत्रं यांत फरक काय, असं विचारायला त्यात एकही शहाणा निघाला नाही.

विजया भावाच्या लग्नासाठी माहेरी सौसरला गेली होती, तेवढ्यात मोरेश्वरानं डाव साधला. ती परतली ती अक्षय्यतृतीयेच्या आदल्या संध्याकाळी. मोरीजवळचं गोणपाट वाळून पापडासारखं कडक झालेलं तिनं पाहिलं.

"सुलतान कुठी हाये?"

"बगीच्यात. राखणीले ठेवला."

"कायची राखण करून राहिला थो? झाडाले एक फळ नाई. मोटर तुम्ही सोताच घरी आणून ठेवली. जुना सालदार गेला, नवा ठेवला नाई. पाणी कोण देते त्याले?"

"मी जातो नं संध्याकाळी. भाकर देतो, गडवाभर पाणी देतो. ताणावर हाये थो."

आपण नीट ऐकलं का, असं विजयाला क्षणभर वाटलं. मग तिला जो राग आला तो बोलून दाखवण्याच्या पलीकडचा होता, आणि तिच्याबाबतीत असं क्वचितच व्हायचं. एवढंच म्हणाली, "आज गेले होते?"

मोरेश्वरानं दुसरीकडे पाहिलं. सणाची खरेदी होती, राहून गेलं. "उद्या जातोच आहे नं आपण," तो म्हणाला.

अक्षय्यतृतीयेला इकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. उन्हाळ्याचे दिवस, गेलेला माणूस तहानलेला राहू नये, म्हणून नवी मातीची घागर, त्यात वाळा घातलेलं गार पाणी, पुरणपोळी, कैरीचं पन्हं. मोरेश्वराच्या वडलांचा चौथरा बगीच्यात विहिरीजवळ होता, म्हणून या घराची घागर तिथं जायची. मोरेश्वर हे सगळं फार थाटात करायचा. वडलांवर त्याचं किती प्रेम, हे गावाला दिसलं पाहिजे.

त्या रात्री अंधारात बैलबंडी निघणं शक्य नव्हतं, म्हणून विजया पहाटेच निघायचं म्हणत होती. पण पूजेच्या पाहुण्याचा मान प्रभाकरला, आणि त्याला नवं उपरणं खांद्यावर नीट बसवायलाच सकाळ पुरली नाही. बंडी बगीच्यात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ताणावरच्या झाडांची पानं वळून सुरळ्या झाली होती. पाण्याचे पाट भेगाळलेले. कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज नाही.

"झोपला असंल," मोरेश्वर म्हणाला आणि चौथरा झाडायला लागला. त्यावर घागर मांडली, हळद-कुंकू काढलं. विजया जुन्या सालदाराच्या झोपडीकडे, खोपड्याकडे, गेली.

खोपडं टिनाचं. सकाळी त्याची सावली असते ती बाजू आता उन्हात होती. सुलतान खांबाभोवती फिरून फिरून साखळीचे वेढे घालून बसला होता आणि आता त्याला मान वळवायलाही जागा नव्हती. पाण्याची परात उपडी पडलेली. जीभ जांभळट झालेली, तोंडाला चिकट फेस, डोळे उघडे पण कुणाला ओळखत नसलेले. विजयाची चाहूल लागली तसा तो उठायला गेला, मागचे पाय लटपटले आणि पुन्हा पडला. दातांतून घुर्र असा आवाज आला.

प्रभाकर मागून आला आणि तसाच मागं सरला. "वहिनी, जवळ नका जाऊ. फेस पाहा तोंडाले. पिसाळला हाये हा."

मोरेश्वराला हे एकदम पटलं. पटणारच. कुत्रं आपल्यामुळे मरतंय, यापेक्षा ते पिसाळलं आहे हे फार सोयीचं होतं. त्यानं बंडीचा दांडका उपसला. "मागं हो विजया. चावला तं चवदा इंजेक्शनं पडतीन पोटात. मारूनच टाकलेला बरा."

विजयालाही भीती वाटली. तिनं पिसाळलेलं कुत्रं लहानपणी पाहिलं होतं, आणि फेस काही खोटा नव्हता. दांडका घेऊन नवरा पुढे येत होता आणि आता ठरवायला वेळ नव्हता. ती वळली, चौथऱ्यावरची घागर उचलली, कुंकवासकट, आणि खोपड्यापाशी आणून ओंजळभर पाणी कुत्र्यासमोरच्या मातीत टाकलं.

सुलतानानं जीभ लांबवली आणि ती ओली माती चाटायला लागला.

"पिसाळलेला पाण्याले पाहून भेते म्हणतात," विजया म्हणाली. "याले पाहा. माती खाऊन राहिला, मास्तर. लिवून घ्या."

तिनं साखळी सोडवली, पट्टा धरून त्याला विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या सावलीत ओढत नेलं. मोरेश्वर म्हणत होता गावातून बर्फ आणतो, प्रभाकर म्हणत होता जबडा उघडून पाणी ओता. "आतापर्यंत केलं थेवढंच पुष्कळ झालं," ती म्हणाली. "घशात अडकलं तं मरंल थो." प्रभाकरच्या खांद्यावरचं उपरणं तिनं न विचारता ओढलं, घागरीत भिजवलं आणि कुत्र्याच्या पोटावर, जांघेत, पंज्यांवर फिरवायला लागली. मुलांना उन्ह लागलं की ती हेच करायची. पत्रावळीनं वारा घातला. मग द्रोणात थोडं थोडं पाणी त्याच्या तोंडापुढे धरलं. पुरणपोळीच्या ताटावर माशा बसल्या होत्या, तिकडे कुणी पाहत नव्हतं.

घागर निम्मी झाली, मग पाव झाली. सुलतानाची धाप हळूहळू उतरली. त्यानं एकदा डोळे फिरवून विजयाकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक जमिनीवर आपटलं. विजयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याची लाज वाटली नाही.

मोरेश्वर घागरीकडे पाहत होता. कुत्रं वाचतंय हे दिसल्यावर त्याला आपला मान आठवला असावा.

"थे बाबाचं पाणी होतं," तो म्हणाला. "पितराचं पाणी तू कुत्र्याले पाजलं. आता बाबा वर्षभर तहानेला राहीन. गावात समजलं तं लोक थुंकतीन तोंडावर."

विजयानं उपरणं पिळलं. यावर ती काय म्हणेल याची प्रभाकरलाही कल्पना होती. ती ओरडेल, टोमणा मारेल. पण ती इतक्या हळू बोलली की दोघांना नीट ऐकायला जवळ यावं लागलं.

"मामंजीले लकवा झाला होता तवा मागच्या टिनाच्या खोलीत ठेवलं होतं तुम्ही. असाच वैशाख होता. बिछाना ओला होते म्हणून दुपारनंतर पाणी द्याचं नाई, असं सांगून ठेवलं होतं मले. मी गडवा उचलून फळीवर ठेवत जावो, त्यायचा हात पुरे नाई तिथं. थे जिभीनं ओठ चाटत राहत आणि गडव्याकडं पाहत राहत. तुम्ही सांगितलं, म्या ऐकलं. मेल्यावर घागर भरून राहिलो आपण दोघं."

प्रभाकर चपला शोधायला लागला. चौथऱ्यावर घागरीच्या बुडाचा ओला गोल होता, तो उन्हानं आत आत आकसत चालला होता. तेवढा वाळून जाईपर्यंत मोरेश्वर त्याच्याकडेच पाहत उभा राहिला.

मग खोपड्यात गेला, दोर आणि बादली घेऊन आला. मोटर काढून नेल्यापासून या विहिरीतून कुणी पाणी काढलं नव्हतं. त्यानं बादली सोडली. ती पाण्यावर आपटल्याचा आवाज लगेच आला, फार खोल नव्हतं पाणी. त्यानं ती वर ओढली आणि विजयासमोर आणून ठेवली.

"अजून एक काढा," ती म्हणाली.