मोठीची वाट

आमच्या इग्बो-ओरा गावात जुळ्यांचं कौतुक ते काय असणार, दर चार घरांआड एक जोडी खेळत असते. बाहेरगावचे शहाणे येतात आणि सगळं श्रेय भेंडीच्या पाल्याच्या कालवणाला देऊन जातात. तायवो सुईण त्यांना म्हणायची, "कालवण तर माझे जावईही ओरपतात. त्यांना कुठं काय होतंय?"

ती स्वतः जुळ्यांतली. आमच्याकडे पहिलं येतं ते तायवो, मागून येतं ते केहिंदे, आणि थोरलं मानतात ते मागचंच. थोरलं धाकट्याला पुढं धाडतं, जग कसं आहे बघून ये म्हणून. धाकटं रडून निरोप देतं, मग थोरलं सावकाश येतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात वावगं कुणालाच दिसत नाही, तायवोला मात्र दिसायचं.

चाळीस वर्षं तिनं गावातली पोटं तपासली. तोंडानं फटकळ, पण हात लोण्याचे. दोन शिकाऊ पोरींना ती एकाच वेळी पोटाच्या दोन बाजूंना लाकडी नळीतून बाळाचे ठोके ऐकायला लावायची आणि ऐकू येईल तसा बोटानं ठेका धरायला सांगायची. दोघींची बोटं जुळली तर पोटात एकच जीव. बोटं चुकली तर दोन.

सिफावूच्या सुनेच्या, मोजिसोलाच्या पोटावर बोटं चुकली. आठव्या महिन्यात तायवोच्या हाताला कळलं की पुढच्याचं डोकं खाली आहे आणि मागचं आडवं पडलंय. मोजिसोलाच्या पायांवर सूजही होती. जुळी बरेचदा दिवस भरायच्या आधीच येतात, तेव्हा पहिली कळ येताच मोठ्या दवाखान्यात न्यायचं, असं तायवोनं सिफावूला बजावून सांगितलं. सिफावूनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. तिच्या स्वतःच्या दोन जोड्या याच घरात, याच चटईवर झाल्या होत्या.

दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच, एका सकाळी मोजिसोलाच्या कळा सुरू झाल्या. सिफावूनं चटई अंथरली, पाणी तापत ठेवलं आणि तायवोला बोलावणं धाडलं. तायवो आली ती पिशवीबरोबर काखेत एक गाठोडं घेऊन. दवाखान्यात चला, म्हणाली. सिफावू जागची हलेना. एक तर इथं होईल, दुसरं त्याच्या मर्जीनं येईल, थोरल्यांना घाई करायची रीत नाही, असं तिचं म्हणणं. पोरगी बिचारी दोघींच्या तोंडांकडे बघत कण्हत होती.

तायवोनं वाद घातला नाही. तिनं गाठोडं सोडलं आणि आतली वीतभर लाकडी बाहुली सिफावूच्या मांडीवर ठेवली. आंघोळ घालून घालून बाहुलीचं नाकतोंड झिजून गेलं होतं.

"ही कोण, ओळखलंस?" तायवोनं विचारलं.

ओळखायचं काय त्यात? जुळ्यातलं एक गेलं की आई असं लाकूड कोरून घेते आणि त्यालाच न्हाऊ-माखू घालते.

"ही माझी थोरली बहीण. मी सकाळी आले, ही पोटात आडवी. घरातले सगळे हात जोडून बसले, थोरली आहे, येईल तिच्या मर्जीनं म्हणत. संध्याकाळी निघाली ती निळीच. सिफावू, तिची मर्जी नव्हती गं. तिला येता येत नव्हतं."

सिफावू बाहुलीकडे बघत राहिली. मग तिनं ती आपल्या डोक्याच्या कापडात गुंडाळली आणि लेकाला हाक मारून गाडी काढायला सांगितली.

दवाखान्यात दुपारी पहिलं रडणं ऐकू आलं, मुलगा. त्यानंतर दाराआड सगळं गप्प झालं. सिफावूनं तायवोचा हात असा धरला की नखं रुतली. तायवो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. चाळीस वर्षांत तिला कधी भीती वाटली नव्हती असं लोक म्हणायचे. खोटं आहे ते, दर वेळी याच मिनिटांची तिला भीती वाटायची. आत डॉक्टरीणबाईंनी आडव्या बाळाचे पाय धरून त्याला अलगद ओढून घेतलं. बारा मिनिटांनी दुसरं रडणं आलं, मुलगी.

नर्सनं मागून आलेल्या केहिंदेला बाहेर आणलं. सिफावूनं हात पुढं केले, पण तायवो आडवी आली. "थांब जरा," म्हणाली, आणि भिंतीला धरून, गुडघे कुरकुरत असताना, सगळ्यांसमोर फरशीवर गुडघे टेकून बसली. थोरल्या माणसासमोर इथली बाई बसते तशी. लहानपणापासून तिनं असे गुडघे लाकडापुढं टेकले होते.

"या, मोठ्या बाई," ती त्या एवढ्याशा बाळाला म्हणाली. "फार वाट बघायला लावलीत."

मग तिला उठता येईना, तेव्हा सिफावूनंच तिला काखेत हात घालून उठवलं.